लॅमसचा चौथा कोपरा

मी माझ्या बायकोला मारून बागेत पुरलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या ऑल्डरकोम गावात बेकरीच्या रांगेत उभं राहिलं, की पुढची बाई अजूनही मागे वळून माझ्या नखांकडे बघते. माझ्या नखांकडे! ज्या सिरिल बॅनफिल्डने उभा जन्म वजनमापं खात्यात काढला, अख्ख्या सॉमरसेटमधल्या खाटकांचे तराजू सरळ केले, त्याच्या नखांत आता लोक माती शोधतात. बायको घरात आहे, धडधाकट आहे, आणि हे लिहिताना मागे उभी राहून 'धडधाकट शब्द म्हशीला वापरतात' असं म्हणते आहे. तरी गावाची खात्री पटत नाही. म्हणून झालं ते सगळं सांगतो, तुम्हीच न्याय करा.

आमच्या घरात चेटूक थर्झा करते. मी नाही. मी निवृत्त सरकारी माणूस आहे. थर्झाचं चेटूकही काही कढईत बेडूक उकळण्याच्या जातीचं नाही. चहात चमचा कुठल्या बाजूने फिरवायचा, दाराशी रोझमेरीची जुडी कधी बदलायची, कुठल्या पौर्णिमेला कुठली मेणबत्ती, असलं ते ऊबदार, शाल पांघरून करायचं चेटूक. गावात तिच्यासारख्या सात-आठ बायका आहेत. गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्यांचं मंडळ जमतं. तिथे मंत्र कमी आणि केक जास्त असतो. वर्षाला त्यांचे आठ सण. त्यातला ऑगस्टच्या पहिल्या तारखेचा लॅमस म्हणजे पहिल्या गव्हाचा सण, आणि थर्झाचा सगळ्यांत लाडका.

आमच्याकडे गहू पिकतो तो मागच्या दाराशी ठेवलेल्या न्हाणीघरातल्या जुन्या टबात. त्या गव्हाचा एक छोटा पाव करायचा. सुरी न लावता हाताने मोडायचा. अर्धा घराला, आणि उरलेल्या अर्ध्याचे चार तुकडे करून बागेच्या चार कोपऱ्यांत पुरायचे, सूर्य मावळायच्या आत. आधी कोपरे जेवतात, मग घर जेवतं. हा क्रम चुकला तर वर्षभर घरात बरकत नाही म्हणतात. दरवर्षी हे सगळं थर्झा करायची आणि मी शेजारी उभा राहून 'वा' म्हणायचो. माझ्याकडे तेवढंच काम होतं आणि ते मी चोख करत होतो.

यंदा थर्झाचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, जखम भरली, डॉक्टर खूश. मी मात्र नव्हतो, कारण हॉस्पिटलमधून जी बाई घरी आली ती प्रत्येक गोष्टीला 'ठीक आहे' म्हणत होती.

थर्झा आणि 'ठीक आहे' यांची चाळीस वर्षांत कधी गाठ पडली नव्हती. माझं गाडी लावणं, माझं अंडं उकडणं, माझं शिंकणं, यातलं काहीही तिच्या मते कधी ठीक नव्हतं. आणि आता सूप खारट झालं, ठीक आहे. उशी टोचते, ठीक आहे. एक दिवस मी मुद्दाम निळ्या कोटाखाली तपकिरी पँट घालून तिच्यासमोर दोन चकरा मारल्या. तिने बघितलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. ताटातलं अन्न ती दोन चमचे खायची आणि बाकीचं मला दिसू नये म्हणून रुमालाखाली झाकायची. डॉक्टर म्हणाले, आता औषध नको, आता खायला हवं. मी खाली येऊन स्वयंपाकघरात नुसता बसून राहिलो. मला भीती वाटत होती.

मग जुलैच्या शेवटी एका सकाळी तिने आपणहून तोंड उघडलं. म्हणाली, "गहू पिकला असेल."

"पिकलाय," मी म्हणालो. वास्तविक मी बघितला नव्हता.

"पाव कर, सिरिल. कोपऱ्यांना दे. चारही. मग मी खाईन."

आता मी चेटूक मानत नाही. वजनात न बसणारी कुठलीच गोष्ट मी मानत नाही. पण ती खाईन म्हणाली होती. मी सैतानाला वाढायलाही तयार झालो असतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, ती पुढे माझ्या गळ्याशी आली. ऑपरेशनचं आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की गाव दारात डबे आणून ठेवतं, आणि डबा धुऊन परत करताना त्यात काहीतरी घालून द्यावं लागतं, असं करत आजारी माणसापेक्षा निरोगी माणूस आधी मरतो. म्हणून उजवीकडच्या मिसेस क्रॅडॉकनी कुंपणावरून "थर्झा दिसत नाही हल्ली?" असं विचारलं, तेव्हा मी चटकन "बहिणीकडे गेलीय" म्हणालो. थर्झाला बहीण नाही. हे मला आत आल्यावर आठवलं. मिसेस क्रॅडॉकना ते तिथेच आठवलं असणार, कारण त्या फार गोड हसल्या. आमच्याकडे माणूस खोटं बोलताना सापडला तर तसं तोंडावर म्हणत नाहीत. गोड हसतात आणि लक्षात ठेवतात.

थर्झाला घरी आणलं तेव्हा मिसेस क्रॅडॉक चर्चमध्ये फुलं रचायला गेल्या होत्या. तेव्हा त्यांच्या हिशेबी थर्झा घरातून गेली ती गेलीच.

लॅमसच्या सकाळी मी मंडळाच्या प्रमुख ऑटिली फेन यांना फोन केला. या बाईंचं मेणबत्त्यांचं दुकान आहे आणि आवाज कायम ब्लँकेटमध्ये गुंडाळल्यासारखा.

"मिस्टर बॅनफिल्ड, किती छान," त्या म्हणाल्या. "एकच लक्षात ठेवा. सगळं ऊबदार हवं. शाल घ्या, मेणबत्त्या लावा, दालचिनी घालून सफरचंदाची साइडर गरम करा."

"बाई, बाहेर उकाड्याने कावळे धापा टाकताहेत."

"ऊब मनाची असते. आणि कापायच्या आधी गव्हाची माफी मागायची. मोठ्याने. मनातल्या मनात चालत नाही, गव्हाला ऐकू येत नाही."

"गव्हाला मोठ्याने ऐकू येतं?"

"थर्झा कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"फार छान," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

म्हणजे त्या सकाळी मी, लोकरी शाल पांघरून, हातात विळा घेऊन, घामाने निथळत, एका न्हाणीच्या टबासमोर उभा होतो. नोकरीत असताना मंत्र्यांसमोर भाषण केलं तेव्हा इतकं ओशाळं वाटलं नव्हतं. पण थर्झा वर होती, तिची खिडकी उघडी होती, तिला ऐकू जायला हवं होतं. मी घसा खाकरून म्हणालो, "माफ कर. आता मी तुला कापणार आहे. मनात राग ठेवू नकोस. तू पुन्हा येशील." आणि विळा चालवला.

कुंपणापलीकडे मिसेस क्रॅडॉकच्या हातातली झारी पडल्याचा आवाज आला. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या हातून वस्तू पडतात.

पुढे मळणी. ओंब्या उशीच्या अभ्र्यात घालून लाटण्याने बडवल्या. इथपर्यंत ठीक. आता पाखडायचं कसं? थर्झा वाऱ्यावर पाखडते, पण वारा कुठे होता? मी डोकं चालवलं आणि तिचा हेअर ड्रायर लांब वायरीला जोडला. डोकं चालवायला नको होतं. फोलपटांचा एक मोठा पिवळा ढग उठला, डावीकडच्या कुंपणावरून शांतपणे पलीकडे गेला, आणि मिस्टर स्टॅनर्डनी नुकत्याच रंगवलेल्या शेडच्या ओल्या हिरव्या भिंतीवर बसला. सगळाच्या सगळा.

लायनेल स्टॅनर्ड ब्रश हातात घेऊन उभे होते. त्यांच्या भुवयांवरही थोडं बसलं होतं.

"अरेरे," मी म्हणालो. "माफ करा हं."

"छे छे," ते म्हणाले. "काहीच नाही. उलट मीच माफी मागतो, मी रंग आज काढायला नको होता."

आता ही शेड. या शेडबद्दल बोलायचं म्हणजे माझा रक्तदाब वाढतो. हे गृहस्थ शेजारी राहायला आले त्या वर्षी त्यांनी ती बांधली, आणि बांधली ती सरळ आमच्या हद्दीत हातभर आत. माझ्या बागेचा नैऋत्य कोपरा तिच्या पोटात गेला. मी वजनमापंवाला. मला तो हातभर दिसणार नाही? पहिल्याच दिवशी दिसला. पण त्या संध्याकाळी ते भोपळ्याचा मुरंबा घेऊन ओळख करून घ्यायला आले. मुरंबा घेऊन आलेल्या माणसाला हद्दीचं कसं बोलणार? म्हटलं पुढच्या आठवड्यात बोलू. मग नाताळ आला. नाताळात बोलत नाहीत. मग इतका उशीर झाला की बोलणंच असभ्य दिसलं असतं. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांशी साखर पेरून बोलतो, आणि मी दर रविवारी खिडकीतून त्या शेडकडे बघून दात खातो. थर्झा दरवर्षी चौथा तुकडा शेडच्या भिंतीला लागून ठेवायची आणि म्हणायची, "कोपरा नाही हा, सिरिल. कोपऱ्याचा शेजार आहे. एक दिवस बोल त्यांच्याशी." मी म्हणायचो, बोलतो.

दाणे कॉफीच्या ग्राइंडरमध्ये दळले. मुठीएवढा पाव होईल इतकं पीठ निघालं, त्याला थोडा कॉफीचा वास. मी कणीक भिजवत असताना मिसेस क्रॅडॉक मागच्या दारात आल्या. त्यांची नजर माझ्यावरून जिन्याकडे, जिन्यावरून विळ्याकडे गेली.

"एकटेच आहात?" त्यांनी विचारलं.

"सणाचा पाव करतोय. संध्याकाळी बागेत पुरायचाय."

"बागेत पुरायचाय," त्या सावकाश म्हणाल्या. "उंदीर येतील हो, मिस्टर बॅनफिल्ड. काउन्सिलला विचारलंत का? अन्न पुरायला परवानगी लागते. माझ्या भाच्याला दंड झाला होता."

आता दुसऱ्या कुणी हे कानाआड केलं असतं. पण मी नियम पाळणारा माणूस. तीच माझी खोड आणि तोच माझा घात. मी काउन्सिलला फोन लावला. बराच वेळ व्हायोलिन ऐकवल्यावर एका मुलीने माझं नाव, पत्ता, घर स्वतःचं की भाड्याचं, सगळं विचारलं. मी तिला स्पष्ट सांगितलं, की मला बागेत पाव पुरायचा आहे. ती म्हणाली, "पुरण्याचं आमच्याकडे नाही सर, त्या विभागाला जोडून देते." पुन्हा व्हायोलिन. मग एक अतिशय हळुवार आवाजाची बाई आली.

"मिस्टर बॅनफिल्ड, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," ती म्हणाली.

मला वाटलं, उंदीर विभागात हल्ली अशीच पद्धत असेल.

"स्वतःच्या बागेत पुरायला कायद्याने हरकत नाही," ती म्हणाली. "जवळ विहीर किंवा ओढा नाही ना? खोली किती घेणार आहात?"

"वीतभर."

"वीतभर? सर, ते फारच उथळ होईल."

"चार तुकडे करणार आहे ना. प्रत्येक कोपऱ्यात एक."

"तुकडे," ती म्हणाली.

"हाताने. सुरी लावायची नसते."

"सर," ती म्हणाली, आणि तिचा हळुवारपणा बराच कमी झाला होता, "हे अजून झालेलं नाही ना?"

"नाही, आता भाजणार आहे. तुमचे आभार." मी फोन ठेवला. काउन्सिलमध्ये इतक्या आस्थेने कुणी चौकशी करतं याचं मला कौतुक वाटलं. तसं मी बोलूनही दाखवलं, वर जाऊन, थर्झाला. ती म्हणाली, "ठीक आहे."

पाव भाजला. एका बाजूने जरा कलला, पण पाव होता. गव्हाच्या उरलेल्या काडांची बाहुली वळायची असते, तीही वळली. तिच्यात म्हणे गव्हाचा जीव वर्षभर मुक्कामाला असतो. माझ्या बाहुलीत तो कसा राहणार होता देव जाणे, कारण ती बदकासारखी झाली होती आणि तिला डोकं बसलं नव्हतं. मेणबत्त्या लावल्या, त्या उन्हाने वाकल्या. साइडर गरम केली, ती प्यायला कुणी नव्हतं. थर्झाचा डोळा लागला होता. हॉस्पिटलमधून आल्यापासून ती दिवसाची अशी कधी झोपली नव्हती, म्हणून मी पाय न वाजवता खाली आलो आणि कुदळ घेऊन कोपऱ्यांच्या मागे लागलो.

वायव्येचा झाला. ईशान्येचा झाला. आग्नेयेचा झाला. चौथा तुकडा हातात घेऊन मी शेडसमोर उभा राहिलो. शेडला भरपूर फोलपटं चिकटली होती. 'चारही' असं थर्झा म्हणाली होती, आणि म्हणताना तिने माझ्या मनगटाला धरलं होतं. कोपऱ्याचा शेजार यंदा चालणार नव्हता, हे मला कुणी न सांगता कळलं. ऊन कलायला लागलं होतं. मी मनात वाक्य जुळवलं: मिस्टर स्टॅनर्ड, माफ करा, एक क्षुल्लक गोष्ट. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "सर, ती कुदळ जरा खाली ठेवता का?"

वळून बघतो तर पोलिस. कॉन्स्टेबल हेस्लॉप नावाची एक तरुण बाई, टोपी काखेत, हात पुढे. तिच्यामागे मिसेस क्रॅडॉक, अंगावर चर्चचा चांगला कोट. पोलिसांना बोलावण्यासाठी बाईंनी कपडे बदलले होते.

"काळजी करण्यासारखं काही नसेलच," कॉन्स्टेबल म्हणाली. "तुमच्या पत्नी कुठे आहेत?"

"झोपल्यात."

"जरा भेटता येईल?"

"मुळीच नाही. आज कुठे धड झोपलीय."

"पण शेजाऱ्यांना तुम्ही सांगितलंत की त्या बहिणीकडे आहेत."

"ते खोटं होतं," मी म्हणालो. खरं बोलून माणूस इतका अडचणीत येतो, हे मला खात्यात कधी कुणी सांगितलं नव्हतं.

कॉन्स्टेबलने वही काढली. "सकाळी तुम्ही विळा घेऊन 'माफ कर, आता मी तुला कापणार आहे' असं म्हणालात?"

"गव्हाला."

"गव्हाला म्हणालात?"

"मग काय गाजराला म्हणू? गहूच कापत होतो."

"आणि काउन्सिलमधून दुपारी फोन आला. तुम्ही स्मशान विभागाला विचारलंत, की चार तुकडे करून चार कोपऱ्यांत, वीतभर खोल..."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि माझा जो संताप झाला तो आजही थंड झालेला नाही. मी? चाळीस वर्षं हिच्या चहात साखर मोजून घालणारा मी? आणि वर वीतभर खोल? एवढं मोठं काम मी इतकं कामचलाऊ करीन असं या लोकांना वाटलंच कसं? मी म्हणालो, "बाई, उकरा. तीनही कोपरे उकरा. माझी हरकत नाही. मात्र माझी माफी तयार ठेवा."

तिने उकरलं. वायव्येतून मातीने माखलेला पावाचा तुकडा निघाला. तोपर्यंत गल्लीतली निम्मी मंडळी दोन्ही कुंपणांवर हनुवट्या टेकून उभी होती. कुणी खुर्चीही आणली होती.

"हे काय आहे सर?"

"पाव."

"का पुरलाय?"

"कारण तो वायव्य कोपरा आहे," मी म्हणालो. या उत्तराने तिचं समाधान का झालं नाही, हे मला आजही कळत नाही.

तिने तुकडा पारदर्शक पिशवीत घातला आणि दुसऱ्या कोपऱ्याकडे वळली. मिसेस क्रॅडॉकनी दाराशी ठेवलेली काडांची बाहुली उचलली, निरखली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "हिला डोकं नाहीये." कुंपणावर कुजबुज झाली.

तिन्ही तुकडे निघाले. तिन्ही पाव. कॉन्स्टेबल कपाळ पुसत म्हणाली, "सर, तुमच्या पत्नींना मला बघावंच लागेल," आणि तेवढ्यात वरच्या खिडकीचा पडदा सरकला.

थर्झा उभी होती. केस चारी दिशांना, अंगात माझा जुना स्वेटर. इतक्या दिवसांत कुणी धरल्याशिवाय ती पलंगापासून खिडकीपर्यंत आली नव्हती. माझ्या हातातला तुकडा खाली पडता पडता राहिला.

"मॅडम, तुम्ही मिसेस बॅनफिल्ड?" कॉन्स्टेबलने विचारलं. "तुमचं सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," थर्झा म्हणाली.

ज्या आवाजात ती ते म्हणाली, तो आवाज ऐकून मलाच वाटलं की हिला कुणीतरी डांबून ठेवलंय. कॉन्स्टेबलचा हात पुन्हा वहीकडे गेला.

"काय ग बाई, थर्झा!" मिसेस क्रॅडॉक म्हणाल्या. "बहिणीकडून कधी आलीस?"

थर्झाने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिने बाग बघितली, उकरलेले तीन कोपरे, पिशवीतला पाव, शाल पांघरलेला मी. "चौथा झाला का, सिरिल?" तिने विचारलं.

अख्खी गल्ली ऐकत होती. आमच्याकडे असं चारचौघांत शेजाऱ्याच्या शेडबद्दल बोलणं म्हणजे चर्चमध्ये अंतर्वस्त्र वाळत घालण्यासारखं आहे. मी पुन्हा वाक्य जुळवायला लागलो. माफ करा. क्षुल्लक गोष्ट. आणि मग वर बघितलं. ती खिडकीची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी होती, फार वेळ उभी राहू शकणार नव्हती.

"स्टॅनर्ड," मी म्हणालो, आणि मिस्टर म्हणायचं राहूनच गेलं. "तुमची शेड माझ्या कोपऱ्यावर उभी आहे. बांधली तेव्हापासून. मला तो कोपरा हवाय. आत्ता. माझी बायको जेवायची थांबलीय."

कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. लायनेल स्टॅनर्ड कुंपणापाशी उभे होते, भुवयांवर अजून फोलपट. ते लालबुंद झाले.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी तुम्ही बोलायची वाट बघत होतो. तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणून मुरंबा आणत राहिलो."

"दरवर्षी तो मुरंबा त्यासाठी होता?"

"मग काय, मला स्वतःला भोपळा आवडतच नाही."

"आम्हालाही नाही," मी म्हणालो.

ते शेडमध्ये गेले. गवत कापायचं यंत्र बाहेर ढकलल्याचा आवाज आला, मग पहारीचा, मग फळी उचकटल्याचा. दारातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "या. इथे माती आहे."

मी निघालो, मग थांबून कॉन्स्टेबलसमोर हात पसरला. "माझा वायव्येचा तुकडा द्या."

"सर, तो पुरावा आहे."

"पुरावा कसला? कुणी मेलंय का? तो आमचा सण आहे. परत द्या."

तिने वायरलेसवर सार्जंटला विचारलं, "सर, पाव परत देऊ का?" पलीकडून जे उत्तर आलं ते मी इथे लिहीत नाही, पण तुकडा मिळाला. तिने आपल्या हाताने तो पुन्हा वायव्येत ठेवला आणि वर माती लोटली. बाकीचे दोन मी ठेवले. चौथा स्टॅनर्डच्या शेडमध्ये, गुडघे टेकून, कोळ्याच्या जाळ्यांत डोकं घालून, खऱ्या कोपऱ्यात ठेवला. ते शेजारी कंदील धरून उभे होते. सूर्य चर्चच्या मनोऱ्यावर होता. बाहेर आल्यावर कॉन्स्टेबलने विचारलं, "चहा मिळेल का?" मी म्हणालो, साइडर आहे, गरम आहे, हवी तेवढी घ्या.

माफी मात्र कुणी मागितली नाही, हे नोंदवून ठेवा. मिसेस क्रॅडॉक म्हणाल्या, "मी आपली काळजीपोटी." दुसऱ्या दिवसापासून त्या दारात डबे ठेवायला लागल्या, आणि बघता बघता गावही. आता ते सगळे डबे धुऊन परत करायचे मीच.

गल्ली पांगली. मी पावाचा उरलेला अर्धा भाग बशीत घेतला आणि वर गेलो. थर्झा पलंगावर परतली होती, दम लागला होता. मी बशी तिच्या मांडीवर ठेवली आणि खुर्चीच्या टोकावर बसलो. ती रुमालाकडे हात नेते का, एवढंच मी बघत होतो.

तिने तुकडा मोडला, तोंडात घातला, चावला. पुन्हा चावला. कपाळाला आठी पडली. ती आठी मी ओळखतो. चाळीस वर्षं मी त्या आठीला घाबरून वागलोय.

"सिरिल," ती म्हणाली. "मीठ विसरलास."

मी खुर्चीत मागे सरकून नीट बसलो.

"कॉफीचा वास कशाने येतोय? माझ्या ग्राइंडरमध्ये दळलंस? आणि ती बाहुली काय आहे, बदक?" ती पुढचा तुकडा मोडत होती. "आणि एवढ्या उकाड्यात शाल कुणी घ्यायला सांगितली तुला? ऑटिलीने? ऑटिलीला अक्कल आहे का? जा, मीठ आण आधी."

आता तुम्हीच सांगा. दिवसभर घामाने भिजलो, गव्हाची माफी मागितली, पोलिसांपुढे उभा राहिलो, अख्ख्या गल्लीदेखत शेडचं बोललो, आणि माझ्या वाट्याला काय, तर मीठ. मला याचा खूप राग यायला हवा होता. मी खाली गेलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मला जरा बसावं लागलं, डोळे पुसायला शालीचं टोक तेवढं कामाला आलं.

मिठाची बरणी समोरच होती, जिथे ती कायम असते तिथेच. मी ती हातात घेतली, आणि जिन्याखालून मोठ्याने विचारलं, "मीठ कुठे असतं ग?"

"चाळीस वर्षं एकाच जागी असतं ते, सिरिल!" वरून तोंडभर पावानिशी आवाज आला. "डोळे आहेत का बटणं? तुला एक काम धड सांगायची सोय नाही..."

मी बरणी हातात धरून तिथेच उभा राहिलो, आणि ती बोलत होती तोवर वर गेलो नाही.